श्रमाचा मोबदला आणि विद्येचे ऋण

धान्याचा भाव किंवा कापडाचा दर विचारताना कोणाला संकोच वाटत नाही. परंतु जो आपल्याला काही शिकवतो त्याच्या शिकवण्याचे मोल रुपयांच्या आकड्यात समोर आले म्हणजे देणारा आणि घेणारा या दोघांच्याही मनात एक प्रकारचे अवघडलेपण उत्पन्न होते. हे अवघडलेपण केवळ कृपणतेतून येत नाही. विद्या ही विक्रीची वस्तू आहे काय, आणि नसेल तर ती देणाऱ्याने आपला प्रपंच कशाच्या आधारावर चालवावा, हा प्रश्न आपल्या स्मृतिकारांना पडला, उपनिषदांतील ऋषींना पडला आणि अथेन्समधील तत्त्ववेत्त्यांनाही पडला. आज तो गुरुकुलात किंवा राजसभेत उपस्थित होत नसला तरी पुणे-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेल्या व्यायामशाळांत, पर्सनल ट्रेनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या शुल्काच्या रूपाने, रोज नव्याने विचारला जात आहे. शाळा-महाविद्यालयांच्या शुल्कापेक्षा हेच उदाहरण मी विचारासाठी घेतो, याचे कारण असे की पाठांतराने मिळवलेली पदवी अज्ञान झाकू शकते, पण शरीराला आपला अभ्यास किंवा अनभ्यास झाकता येत नाही. त्यामुळे शिकवणाऱ्याचे काम कोठे संपते आणि शिकणाऱ्याचे कोठे सुरू होते ही सीमारेषा येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

व्यवहाराचे स्वरूप प्रथम पाहू. मनुष्य व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरतो, आणि मग त्याला समजते की तेथे फिरता असणारा फ्लोअर ट्रेनर हा सर्वांसाठी आहे. आपल्या एकट्याकडे लक्ष देणारा प्रशिक्षक हवा असेल तर त्याचे पॅकेज निराळे, बहुधा महिन्याला 12 सत्रांचे, म्हणजे आठवड्यातून 3 दिवस सुमारे तासभर. रक्कम आगाऊ भरायची, सत्रे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची, आणि पूर्वसूचना न देता गैरहजर राहिल्यास ते सत्र खर्ची पडले असे धरायचे, असा पुष्कळ ठिकाणचा शिरस्ता आहे. महिना-दोन महिने गेले म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या मनात एक शंका डोके वर काढू लागते. वजन मी उचलतो, घाम माझा गळतो, दुसऱ्या दिवशी अंग माझे दुखते. शेजारी उभा राहून दहापर्यंत आकडे मोजणाऱ्या या गृहस्थाला मी पैसे कशाचे देतो? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे सत्य नीट उलगडले तर उरलेले अर्धेही हाती लागेल असा माझा विश्वास आहे.

शुल्कात काय काय येते याचा जमाखर्च मांडला तर आकडे मोजणे ही त्यातली सर्वांत गौण बाब ठरते. पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकाने विद्यार्थ्याचे वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे आणि जुनी दुखापत यांची चौकशी करायची असते. जमिनीवर उकिडवे बसताना गुडघा आत वळतो काय, हात डोक्यावर नेताना कंबर पोकळ होते काय, हे डोळ्यांनी पारखायचे असते. आणि या पाहणीवरून आठवड्या-आठवड्याची आखणी करायची असते. ती आखणी म्हणजे व्यायामप्रकारांची यादी नव्हे. आरंभीच्या काही आठवड्यांत जी शक्ती वाढलेली जाणवते ती बहुतांशी मज्जासंस्था स्नायूंना अधिक कुशलतेने कामाला लावू लागल्यामुळे वाढते. स्नायू प्रत्यक्ष भरतात ते मागाहून, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणूनच ज्या दिवशी विद्यार्थ्याला आपण आणखी वीस किलो सहज उचलू असे वाटते, नेमक्या त्याच दिवशी ‘आज एवढेच पुरे’ असे सांगणारा कोणी जवळ असणे अगत्याचे असते. वजन उचलताना श्वास कोंडून धरला तर रक्तदाब एकाएकी चढतो; पाठीचा कणा वाकवून जमिनीवरचे वजन ओढले तर कमरेला इजा होण्याचा संभव वाढतो; हे जाणणाऱ्याची नजर तासभर दुसऱ्या कोठेही न जाता एकाच शरीरावर खिळलेली असते. या अखंड अवधानाचे मूल्य शुल्कात आहे, आणि चूक घडली तर तिची जबाबदारी पत्करण्याचेही आहे.

यापलीकडे दृष्टीस न पडणाऱ्या बाबी आहेत. प्रशिक्षकाने प्रमाणपत्रासाठी स्वतःच्या पदरचे पैसे आणि महिने खर्च केलेले असतात, प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास करावयाचे उपाय शिकलेले असतात, आणि नामांकित संस्थांची प्रमाणपत्रे दर दोन-तीन वर्षांनी नव्या अभ्यासानिशी पुन्हा मिळवावी लागतात. त्याचा दिवस पहाटे लोक कामावर जाण्यापूर्वी सुरू होतो आणि रात्री लोक कामावरून परतल्यानंतर संपतो. मधली दुपार बहुधा बिनमोबदल्याची जाते, आणि तो स्वतः आजारी पडला तर त्या दिवसाची मिळकतही बुडते. विद्यार्थी जी रक्कम भरतो ती सगळी त्याच्या हाती पडते असेही नाही. जागेचे भाडे, यंत्रे, वीज आणि व्यवस्थापन यांपोटी व्यायामशाळा तिच्यातला मोठा हिस्सा, कित्येक ठिकाणी निम्मा किंवा त्याच्या आगेमागे, आपल्याकडे ठेवते. सरकारचा करही त्याच पावतीवर असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून व्यायामशाळांच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्यात आला. दुसऱ्या बाजूला काय येत नाही हेही तितकेच स्पष्ट असावे: रोगाचे निदान, मधुमेहासारख्या व्याधीवरचा पथ्याहार, दुखावलेल्या सांध्यावरचे उपचार आणि डब्यांतून विकली जाणारी प्रथिनांची भुकटी या गोष्टी त्या शुल्कात नाहीत, आणि पहिल्या तीन तर प्रशिक्षकाच्या अधिकारातही नाहीत.

हा झाला हिशेब. हिशेब चोख असला म्हणजे प्रश्न सुटतो काय? आपल्या परंपरेचे एक अंग म्हणेल, सुटत नाही. कारण आक्षेप रकमेला नसून विद्येवर रक्कम लावण्यालाच आहे. मनुस्मृतीने वेतन ठरवून अध्यापन करणाऱ्याला आणि वेतन देऊन अध्ययन करणाऱ्यालाही श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे. त्याच स्मृतीत उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवणाऱ्याला उपाध्याय आणि उपनयन करून समग्र वेद देणाऱ्याला आचार्य म्हटले असून, एका आचार्याचे गौरव दहा उपाध्यायांहून अधिक मानले आहे. अध्ययन पुरे होण्यापूर्वी शिष्याने गुरूला काही देऊ नये. समावर्तनाच्या वेळी मात्र त्याच्या आज्ञेने भूमी, सुवर्ण, गाय यांपासून छत्री, पादत्राणे आणि भाजीपाला यांपर्यंत जे शक्य असेल ते अर्पण करावे, असा तेथे दंडक आहे. या विधानांमागची भीती खरी आहे. ज्ञानाला किंमत लागली की ते धनिकाकडे वळते, शिकवणारा शिष्याची पात्रता पाहण्याऐवजी त्याची ऐपत पाहू लागतो, आणि त्याला न आवडणारे सत्य सांगण्याचे धैर्य गमावतो.

परंतु याच परंपरेत या आक्षेपाची मर्यादाही सांगितली आहे, आणि ती सांगणारा स्वतः एक वेतनभोगी शिक्षक आहे ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठत्वाचा वाद उभा राहतो. दोघेही राजाच्या तैनातीत असून पगार घेतात, आणि विदूषक तर त्या पगाराचा उल्लेख करूनच त्यांना झुंजवू पाहतो. त्या प्रसंगी गणदास म्हणतो की, आपल्याला जागा मिळाली आहे एवढ्यावर संतुष्ट राहून जो वादाला भितो, दुसऱ्याने केलेली निंदा मुकाट्याने सोसतो आणि ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती असते, त्याला ज्ञानाचा व्यापारी म्हणतात. येथे दोष वेतन घेण्यावर ठेवलेला नाही. वेतन घेऊन विद्येची कसोटी टाळण्यावर ठेवला आहे. पगार हा शिक्षकाच्या जीवनाचा आधार असू शकतो. तो त्याच्या विद्येचे एकमेव प्रयोजन झाला की शिक्षकाचा वाणी होतो.

व्यवहारातही प्राचीन समाजाने शुल्काला वाट ठेवलेली दिसते. जातककथांतील तक्षशिलेचा आचार्य दारात आलेल्या राजपुत्राला विचारतो, तू आचार्यभाग आणला आहेस की सेवा करून शिकणार आहेस? सहस्र नाणी आणणारा मुलासारखा घरात राही. न आणणारा दिवसा गुरुगृहीची कामे करी आणि रात्री शिके. म्हणजे विद्या फुकट मिळत नव्हती, मोबदल्याचे चलन तेवढे दोन प्रकारचे होते. अथेन्समध्ये प्लेटोने सोफिस्ट म्हणवल्या जाणाऱ्या शिक्षकांच्या शुल्कावर टीका केली हे सर्वश्रुत आहे, पण त्याच्याच ‘प्रोटॅगोरस’ संवादात त्याच नावाचा वयोवृद्ध सोफिस्ट आपली जी पद्धत सांगतो ती विचार करण्यासारखी आहे: शिष्याला मागितलेली रक्कम जास्त वाटली, तर त्याने देवालयात जाऊन शपथेवर या शिकवणीचे मोल आपल्याला किती वाटते ते सांगावे आणि तेवढेच द्यावे. आणि बृहदारण्यकात जनक राजा प्रत्येक उपदेशानंतर याज्ञवल्क्याला सहस्र गायी देऊ करतो, तेव्हा तो ऋषी दर वेळी एकच उत्तर देतो की, पूर्ण शिकवल्यावाचून काही घेऊ नये असे माझ्या पित्याचे मत होते. दान नाकारणारा हा मनुष्य द्रव्याचा तिरस्कार करणारा नव्हता; त्याच उपनिषदात वादसभेला आरंभ होण्यापूर्वीच तो गायी घरी हाकून नेण्याची आज्ञा शिष्याला देतो. त्याचा आग्रह कामाच्या पूर्ततेचा होता.

आपल्या तालमींकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की वस्तादाने कधी पावती फाडली नाही. ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण लाल मातीचा हौद, त्यात घालायची हळद, तेल, ताक आणि लिंबू, पैलवानाचे दूध-तूप-बदाम आणि वस्तादाचे घर हे सर्व कोणाच्या तरी तिजोरीतून येत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान खुले झाले. गावोगावच्या यात्रांत इनामाच्या कुस्त्या लागल्या. पेठेने वर्गणी दिली. आणि शिष्यांनी पहाटे उठून हौद उकरला, वस्तादाचे अंग रगडले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये उभे राहिले तेही ध्येयवादी कार्यकर्त्यांच्या श्रमांवर आणि समाजाच्या उदारतेवर. खर्च अस्तित्वात होता. तो राजा, गाव आणि शिष्याचे अंगमेहनतीचे श्रम यांच्यात वाटला गेला होता. ज्या शहरात राजाश्रय उरला नाही आणि शिष्याला गुरूच्या घरी पाणी भरायला सवड नाही, तेथे तोच खर्च शुल्काच्या रूपाने एकट्याच्या पावतीवर आला तर त्यात अधर्म तो कोणता?

तरीही पैसे देणाऱ्याच्या मनातली ती मूळ शंका, ‘घाम तर माझाच गळतो’, अजून अनुत्तरित आहे. आणि तिचे उत्तर मला पूर्वमीमांसेत सापडते. यज्ञात ऋत्विजांना जी दक्षिणा दिली जाते ती कशासाठी, याचा विचार जैमिनींच्या सूत्रांत मोठ्या बारकाईने केलेला आहे. त्यांचा निर्णय असा की दक्षिणा हे ऋत्विजांचे परिक्रयण आहे, म्हणजे द्रव्य देऊन त्यांचे श्रम आपल्या कर्मासाठी मिळवणे आहे, आणि हे परिक्रयण करणे यजमानाचेच काम आहे. कर्म ऋत्विजांच्या हातून घडले तरी त्याचे फल यजमानाला मिळते. दक्षिणेकडे केवळ पुण्यप्रद दान म्हणून न पाहता श्रमाचा रास्त मोबदला म्हणून पाहणारी ही दृष्टी किती निर्मळ आणि किती धीट आहे! पवित्र कर्मातही श्रमाला मोबदला असतो हे मान्य केल्याने पावित्र्य उणावत नाही, उलट श्रम करणाऱ्याची प्रतिष्ठा राखली जाते. मग व्यायामशाळेतल्या श्रमाचा मोबदला देताना आपण का संकोचावे?

मात्र यज्ञ आणि व्यायाम यांत एक मूलभूत भेद आहे, आणि पुष्कळांची निराशा हा भेद न ओळखल्यामुळे होते. यज्ञात ऋत्विज आहुती देतो आणि फल यजमानाला मिळते, असे शास्त्र सांगते. व्यायामात मात्र प्रशिक्षकाने कितीही श्रम केले तरी त्याच्या श्रमाने माझ्या दंडात बळ येत नाही. येथे यजमानालाच आहुती द्यावी लागते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या मोजमापाने आपल्या व्यायामाकडे पाहावे. अधिष्ठान म्हणजे माझे शरीर, कर्ता मी, करणे म्हणजे माझी इंद्रिये, आणि त्यांच्या जोडीला वाटल्यास यंत्रे आणि वजने, चेष्टा म्हणजे माझे उठणे-बसणे, खाणे-झोपणे, आणि दैव म्हणजे आनुवंशिकता, वय, जुनी व्याधी अशा माझ्या हाती नसलेल्या गोष्टी. या पाचांपैकी प्रशिक्षकाचा हात पोहोचतो तो चेष्टांपर्यंत, आणि तोही त्यांना वळण लावण्यापुरता. आठवड्याचे तास 168. त्यांपैकी त्याच्या नजरेखाली जातात ते 3. उरलेल्या 165 तासांत मी रात्री किती वाजता झोपतो, ताटात काय वाढून घेतो, जिना चढतो की उद्वाहनाची वाट पाहतो, यावर त्याचा कोणताही हुकूम चालत नाही. त्याचे शुल्क 3 तासांच्या अवधानाचे आणि त्यामागच्या तयारीचे आहे. 165 तासांचा विमा त्यात नाही.

एकदा हे ध्यानात आले म्हणजे या व्यवसायातील अधर्म कोठे सुरू होतो तेही सांगता येते. ज्या क्षणी प्रशिक्षक किंवा त्याची संस्था श्रमाऐवजी फल विकू लागते, ‘तीन महिन्यांत इतके किलो कमी, खात्रीने’ अशी हमी देते, त्या क्षणी ती आपल्या मालकीची नसलेली वस्तू बाजारात मांडते. वैद्यालाही कायदा रोग बरा करण्याच्या हमीने बांधत नाही. वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी एवढेच त्याच्याकडून अपेक्षिले जाते. ज्याला कौशल्यावर विश्वास नसतो तोच फलाची खात्री देतो. दुसरा अधर्म आगाऊ घेतलेल्या रकमेविषयीचा. याज्ञवल्क्याचा नियम आज उलटा झाला आहे. आधी द्रव्य, मग विद्या. व्यवहाराच्या सोयीसाठी ते चालेल, पण जोवर सत्रे पुरी झाली नाहीत तोवर ते पैसे प्रशिक्षकाकडे आणि व्यायामशाळेकडे अमानत म्हणून आहेत, कमाई म्हणून नव्हेत, ही जाणीव हवी. सत्रे शिल्लक असताना दार बंद करणाऱ्या संस्था ही अमानत गिळतात. तिसरा अधर्म सर्वांत सूक्ष्म आहे. शिष्याला कायमचे परावलंबी ठेवणे, म्हणजे तो स्वतः आपली आखणी करू शकेल इतके त्याला कधीच न शिकवणे, यात शिकवणाऱ्याचा दरमहाचा लाभ असतो. म्हणूनच या मोहावर विजय मिळवणे ही त्याच्या व्रताची कसोटी आहे. जो प्रशिक्षक वर्षभरात शिष्याला वजन कधी वाढवावे, कधी थांबावे, कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्या दुखण्याला भ्यावे हे ओळखायला शिकवून मोकळा करतो, तो शुल्क घेऊनही आचार्य आहे.

शिष्याच्या बाजूचे दोषही लहान नाहीत. शुल्क भरले म्हणजे मनुष्य विकत घेतला, असा समज करून घेऊन प्रशिक्षकाला एकेरी हाक मारणारे, रात्री अकरा वाजता निरोप पाठवून तत्काळ उत्तर मागणारे, न कळवता गैरहजर राहून ते सत्र बदलून मागणारे आणि मुदत संपल्यावर हुज्जत घालणारे लोक श्रमाचा मोबदला देतात आणि श्रमिकाचा मान हिरावून घेतात. ज्या तासाला आपण गेलो नाही तो तास त्याने दुसऱ्या कोणाला दिलेला नसतो. तो आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि राखून ठेवलेल्या काळाचेही मूल्य असते. याहून मोठा दोष असा की कित्येकांना शुल्क भरल्यानेच अभ्यास केल्याचे समाधान मिळते. द्रव्य दिले म्हणजे तप घडले, ही समजूत धर्माच्या क्षेत्रात जितकी घातक ठरली तितकीच ती व्यायामाच्या क्षेत्रातही आहे.

एक आक्षेप मात्र उरतो आणि तो मी हलका लेखणार नाही. ज्याच्याजवळ द्रव्य नाही त्याने काय करावे? तक्षशिलेच्या आचार्याने सेवेचा दुसरा दरवाजा उघडा ठेवला होता. आपल्या आजच्या व्यवस्थेत तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम प्रौढांनी करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; हा सल्ला धनिकांपुरता नाही, आणि गुडघेदुखीने बसून गेलेल्या घरकामगार बाईला त्याची गरज कार्यालयात बसणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा कमी नाही. वैयक्तिक प्रशिक्षण ही जर केवळ ऐपतीची गोष्ट राहिली तर मनूने व्यक्त केलेली भीती खरी ठरेल. म्हणून ज्या गावात तालीम आहे तेथे ती जिवंत ठेवणे, नगरपालिकांच्या व्यायामशाळांत यंत्रांबरोबर जाणता मनुष्यही नेमणे, दोघा-तिघांनी मिळून एका प्रशिक्षकाचे शुल्क वाटून घेणे, आणि प्रशिक्षकांनी आपल्या सप्ताहातला एखादा तास ज्याला देता येत नाही त्याच्यासाठी ठेवणे, या गोष्टी समाजाच्या कर्तव्यकोटीत येतात. शुल्क न्याय्य आहे एवढ्याने ते पुरेसे ठरत नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो मला या साऱ्या विवेचनाचे सार वाटतो. शिकवणाऱ्याशी आपले जे नाते जुळते त्यात तीन निरनिराळी खाती आहेत, आणि आपण ती एकमेकांत मिसळतो म्हणून मनाला समाधान लाभत नाही. पहिले खाते श्रमाचे: वेळ, अवधान, तयारी, जबाबदारी. ते रुपयांनी फिटते आणि रुपयांनीच फेडले पाहिजे. तेथे भक्तिभाव दाखवून रक्कम चुकवणे ही फसवणूक आहे. दुसरे खाते फलाचे: ते आपल्या अभ्यासानेच भरते, आणि दुसऱ्या कोणालाही त्यात जमा करता येत नाही. तिसरे खाते विद्येचे. शरीर कसे वाकवावे, कसे सावरावे, भार कसा क्रमाक्रमाने वाढवावा हे ज्ञान प्रशिक्षकाने निर्माण केलेले नाही; ते अनेक पिढ्यांच्या मल्लांनी, वैद्यांनी आणि संशोधकांनी जमवले आणि त्याच्या हातून आपल्यापर्यंत आले. वैदिक विचाराने जन्मतः माथ्यावर असणाऱ्या ऋणांत ऋषिऋण गणले आणि ते अध्ययनानेच फिटते असे सांगितले, त्याचे मर्म येथे कळते. विद्येचे ऋण द्रव्याने फिटत नाही. ते विद्या अंगी मुरवल्याने आणि पुढे दिल्याने फिटते. 1952 साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. अशा वर्तनाला कोणत्याही पावतीवर रकाना नसतो. ज्या समाजात पहिले खाते चोख असते, त्याच समाजात या तिसऱ्या खात्यातले औदार्य शोभून दिसते. नाहीतर त्या औदार्याच्या नावाखाली शिकवणाऱ्यांची पिळवणूकच होत राहते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. प्रशिक्षक नेमण्यापूर्वी संकोच न बाळगता विचारा: तुमचे शिक्षण कोठे झाले, कारण या व्यवसायाला आपल्या देशात वैद्यक किंवा वकिलीसारखी सक्तीची नोंदणी नाही, शुल्कात किती सत्रे, किती मुदत, गैरहजेरीचा नियम काय, तुमची बदली झाली तर पुढे काय, आहाराविषयीचा सल्ला तुमच्या अधिकारात कोठपर्यंत, आणि ही कबुलायत लेखी घ्या. जो फलाची हमी देतो त्याच्याकडून परत फिरा. जो तुमची जुनी दुखापत विचारतो त्याच्याजवळ थांबा. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी, घासाघीस न करता, मानाने त्याच्या हाती द्या. आणि मग उरलेले 165 तास नीट वागा, कारण तेवढा भाग कोणीही, कितीही मोबदला घेऊन, तुमच्यासाठी करू शकणार नाही.